अधिक चिन्हाचं आयोडीन

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खाद्यतेलं तपासणारी एक लहानशी खासगी प्रयोगशाळा आहे. तिथं कामाला लागणाऱ्या प्रत्येक नव्या केमिस्टला लालासाहेब सूर्यवंशी पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारत.

"हॅलोजनवर भार कुठला असतो?"

"ऋण," समोरचा लगेच म्हणे.

"नेहमी?"

इथं बहुतेक जण चाचरत. जो छातीठोकपणे "नेहमी" म्हणे, त्याच्यावर लालासाहेब रागवत नसत. उलट खाली नेऊन त्याला चहा पाजत. कारण कॉलेजात असताना त्यांनीही हेच उत्तर दिलं होतं, तेही भर वर्गात, आणि कुणी विचारलेलं नसताना.

लालासाहेब मूळचे कुंडलचे. वडील फौजेतून सुभेदार म्हणून परतलेले, थोडा ऊस, थोरला भाऊ शेतीत. धाकट्यानं शिकावं असं घरात ठरलं आणि लालासाहेब कराडच्या कॉलेजात दाखल झाले. मलकापुरात एका खोलीत चौघं राहत. त्यांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायला मुजावर सर होते. सर उंच, सावकाश बोलणारे, आणि फळ्यावरची आकृती पुसताना मन जड झाल्यासारखे पुसणारे.

एके दिवशी सरांनी फळ्यावर दोन कार्बन काढले, त्यांच्यामध्ये दोन रेघा ओढल्या, म्हणजे दुहेरी बंध. मग दोन्ही कार्बनच्या वर, बरोबर मध्ये, ब्रोमीन काढलं आणि त्याच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह दिलं. लालासाहेब उभे राहिले.

"सर, चिन्ह चुकलंय."

मुजावर सर वळले.

"कुठलं चुकलं?"

"ब्रोमीनवर वजा पाहिजे. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, सगळी वजाच असत्यात. मिठात क्लोरीन वजा असतंय."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी खडू खाली ठेवला.

"गाव कुठलं तुझं?"

"कुंडल."

"कुस्तीचं मैदान बघितलंस का?"

"व्हय की, सर. दरसाल."

"अगदी लहान होतास तेव्हा कसं बघायचास? त्या गर्दीत तुला काय दिसणार?"

"वडलांच्या खांद्यावर बसून."

"एकट्या वडलांच्या?"

लालासाहेब जरा लाजले. लहानपणी ते चांगलेच गुटगुटीत होते. एकट्याच्या खांद्याला ते झेपत नसत. एक पाय वडलांच्या खांद्यावर आणि दुसरा चुलत्यांच्या, अशी त्यांची बैठक असे. त्यांनी तसं सांगितल्यावर वर्ग मोकळेपणानं हसला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मग तुला हे सगळ्यात आधी समजायला पाहिजे. हे ब्रोमीन म्हणजे तूच आहेस."

सरांनी पुढं समजावलं ते लालासाहेबांना जन्मभर पुरलं. ब्रोमीनचे अणू जोडीनं येतात. दुहेरी बंधापाशी इलेक्ट्रॉनांची गर्दी असते. तिथं जोडी पोचली की तिच्यात फूट पडते. लांबचा अणू दोघांमधले इलेक्ट्रॉन घेऊन बाजूला होतो, तो वजा. जवळचा अणू उघडा पडतो आणि दोन्ही कार्बनच्या खांद्यांवर पाय टाकून बसतो. तो अधिक. त्याला ब्रोमोनियम आयन म्हणायचं. आयोडीन असेल तर आयोडोनियम.

"आता तो बाजूला झालेला वजावाला परत येणार," सर म्हणाले. "पण कुठून? पुढून तर तुझ्या तंगड्या लोंबतायत. तुझ्या वडलांना कुणाला थोपटायचं असेल तर कुठून येईल?"

"मागनं."

"मागनंच. आणि मागनं एकाला धरलं की तू दुसऱ्याच्या खांद्यावर सरकतोस. शेवटी काय दिसतं? एक ब्रोमीन या अंगाला, दुसरं त्या अंगाला. मधल्या वेळी खांद्यावर कोण बसलं होतं ते आपल्या परीक्षानळीत काही दिसत नाही. शेवटी कोण कुठल्या अंगाला बसलंय यावरून ते ओळखायचं."

लालासाहेब खाली बसले. त्या दिवसापासून खोलीतले सोबती त्यांना 'ब्रोमीन' म्हणू लागले, ते पदवी हातात पडेपर्यंत.

त्यांना पुढं शिकून मुजावर सरांसारखं फळ्यापाशी उभं राहायचं होतं. एम.एस्सी.ला प्रवेशही मिळाला होता. पण त्याच सुमाराला वनस्पती तूप तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्यांची निवड झाली आणि सुभेदारांनी फौजी आवाजात सांगितलं, "हातात आलेली बंदूक खाली ठेवायची नसती." लालासाहेब कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी त्यांच्यापुढं एक तपकिरी बाटली ठेवली. आत तपकिरीच द्रावण, नाकाला झोंबणारं. विज्सचं द्रावण. आत आयोडीन आणि क्लोरीन एकमेकांना जोडलेले. या जोडीत ओढाताणीत क्लोरीन वरचढ असतं, म्हणून इलेक्ट्रॉन ते घेतं, आणि अधिक चिन्ह बिचाऱ्या आयोडीनच्या वाट्याला येतं. ते आयोडीन तेलातल्या दुहेरी बंधांवर जाऊन बसतं. लालासाहेबांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि त्यांना कुंडलचं मैदान आठवलं.

कारखाना पुढं बंद पडला. लालासाहेब कुपवाडला आले, लग्न झालं, मुली झाल्या, त्या शिकून पुण्याला गेल्या. पण काम बदललं नाही. कुठल्याही तेलात दुहेरी बंध किती, ते त्यानं किती आयोडीन घेतलं यावरून ठरतं. त्याला आयोडीन अंक म्हणतात. शेंगदाणा तेलाचा पंच्याऐंशी ते नव्व्याण्णवच्या आत बसतो. करडईचा एकशे चाळीसच्या आसपास. सोयाबीनचा त्याच बाजूला, सरकीचा शंभराच्या मागंपुढं. सगळी नोकरी लालासाहेबांनी आयोडीनला तेलाच्या खांद्यावर बसवण्यात घालवली, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

त्यांचा एक दंडक होता. आकडा सांगायचा, अर्थ सांगायचा नाही. "आपण आयोडीन मोजतो, माणूस मोजत नाही," असं ते अंकिताला सांगत. अंकिता ही प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी केमिस्ट, मिरजेची, तोंडाची चटपटीत. अहवालावर 'नमुना मिळाला तसा तपासला' एवढंच वाक्य ते घालत आणि खाली सही करत. हा दंडक त्यांनी एकदा मोडला. त्याचीच ही गोष्ट.

महाबळेश्वरला राजवर्धन नावाच्या एका गृहस्थाचं दुकान आहे. स्ट्रॉबेरीचा जॅम, मध, चिक्की, आणि हल्ली शहरातून येणाऱ्या लोकांना हवं असतं म्हणून लाकडी घाण्याचं तेल. हे तेल माणदेशातून येई. आटपाडीच्या पलीकडं बनुबाई नावाच्या बाईनं आपल्या भावकीतल्या बायकांचा एक गट केला होता. पूर्वी ही घरं मेंढरं घेऊन घाटाखाली हिंडायची. आता पाणी आलंय, तर थोडी शेती, थोडी मेंढरं आणि अंगणात मोटारीवर फिरणारा लाकडी घाणा. बनुबाईचा नवरा गुंडा घाण्यावर, बायका शेंगा फोडायला, बनुबाई सगळ्यांवर.

राजवर्धनचा नियम असा की प्रत्येक मालाबरोबर प्रयोगशाळेचा अहवाल हवा. दोनदा अहवाल आला, दोन्हींत आयोडीन अंक शंभराच्या वर. शेंगदाण्याला हे बसत नव्हतं. दुसऱ्या अहवालानंतर राजवर्धनचा फोन आला.

"सूर्यवंशी साहेब, आकडा समजला. पण त्यात आहे काय?"

"ते आम्ही सांगत नाही."

"अहो, लिहून नको. तोंडी सांगा. माझं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं आहे. उद्या कुणी दुसरीकडं तपासलं तर माझी पाटी उतरेल."

लालासाहेबांचं त्या दिवशी डोकं दुखत होतं, की सकाळपासून चौथा माणूस तेच विचारत होता, काय असेल ते असो. ते बोलून गेले, "सोयाबीन असेल. नाहीतर सरकी. लोक तेच घालतात."

राजवर्धननं ते जसंच्या तसं आटपाडीला पोचवलं. वर एवढं जोडलं की तिसऱ्यांदा नापास झालं तर तुमचं कपाट रिकामं करतो, पुन्हा तुमचं नाव माझ्या दुकानात नाही. गटाचं सगळं तेल त्या एकाच दुकानात जात होतं. कपाट गेलं की घाणा थांबणार आणि बायका पुन्हा दुसऱ्याच्या द्राक्षबागेत रोजानं जाणार, हे बनुबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी, प्रयोगशाळा उघडायच्या आतच, बनुबाई जिन्यात बसलेली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर पिशवी. लालासाहेब वर आले तशी ती उठली.

"सोयाबीन म्हनालेलं साहेब तुमीच न्हवं?"

लालासाहेबांनी किल्ली कुलपात घातली. "आत या, बाई."

"येते की. यायलाच आलीया. पन आदी सांगा, सोयाबीन कुटं दिसलं तुमास्नी? बाटलीत प्वहत हुतं का?"

अंकितानं तोंड फिरवून हसू लपवलं. बनुबाईनं पिशवीतून गोणपाटात गुंडाळलेली काचेची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली, आपटून नव्हे, देव्हाऱ्यात ठेवावी तशी.

"ह्यो तिसरा नमुना. माज्या म्होरं तपासा. तुमचं औशद खोटं बोलतंय का मी, ते बगायचंय मला."

कुणा गिऱ्हाइकाला आत उभं करायची रीत नव्हती. पण लालासाहेबांना स्वतःचं फोनवरचं वाक्य आठवत होतं. त्यांनी खुर्ची दिली. बनुबाई खुर्चीवर न बसता दाराच्या चौकटीशी टेकली, तिथून तिला तपासाचं टेबल सरळ दिसत होतं.

अंकितानं थेंबभर तेल तोलून फ्लास्कमध्ये घेतलं. त्यात ते विरघळवणारं द्रावण टाकलं, मग तपकिरी विज्स. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तुलनेसाठी तेल सोडून बाकी सगळं घेतलं. दोन्हींना बुचं लावली आणि अंधाऱ्या कपाटात ठेवून दार लावलं.

"झालं?" बनुबाई.

"एक तास थांबायचं," अंकिता म्हणाली. "अंधारात राहिलं पाहिजे ते."

"तासभर काय करतंय ते आत?"

अंकितानं लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांनी हे पुष्कळांना सांगितलं होतं, पण माणदेशातल्या बाईला कधी नाही. ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडं जत्रेत कुस्त्या होतात?"

"बिरोबाच्या जत्रंत हुत्यात की."

"लहान पोराला दिसत नाही म्हणून दोघं जण त्याला खांद्यावर घेतात, एक पाय ह्याच्या खांद्यावर, एक त्याच्या. तसं तुमच्या तेलात खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या जोड्या असतात. आमच्या औषधातलं आयोडीन त्या जोडीवर चढून बसतं. मग त्याचा जोडीदार मागनं येऊन एकाला धरतो. शेंगदाण्यात असल्या जोड्या कमी. सोयाबीनमध्ये, करडईत जास्त. कपाटातनं काढल्यावर किती आयोडीन खाली उरलं ते मोजायचं. जेवढं उरलं नाही, तेवढं खांद्यावर गेलं."

बनुबाईनं हे नीट ऐकलं. मग म्हणाली, "आनि ते खांद्यावर बसलेलं तुमास्नी दिसतंय?"

"नाही."

"मग ते सोयाबीनच्या खांद्यावर बसलं, असं कशावरनं?"

प्रश्न मुजावर सरांच्या वर्गात शोभला असता. लालासाहेब म्हणाले, "त्यावरनं नाही. ते माझं मी बोललो. ते बोलायला नको होतं."

"हां," बनुबाई म्हणाली आणि प्रथमच चौकट सोडून खुर्चीवर बसली. "आता कसं! माज्या घरात सोयाबीनचा दाना न्हाई. सरकी म्हशीम्होरं, ती बी वली करून. इचारा कुनालाबी."

राग उतरल्यावर ती बोलायला लागली, आणि वेळ काढायचाच होता म्हणून लालासाहेबही ऐकू लागले. शेंगा कुणाच्या, कुठं वाळवतात, कशा फोडतात. गुंडाला पहाटे उठवायला किती हाका माराव्या लागतात. मग तिनं बाटलीकडं बोट केलं.

"ह्या बाटलीसाटी तर मी लय जपलं. आंगूळ केली, कुनाशी बोलले न्हाई, घाना चालू केला आनि पयली धार आली तशी धरली. अर्दी बिरोबाच्या दिव्याला, अर्दी तुमास्नी."

"आम्हाला का?"

"आवं, का म्हंजे? तुमी आमचं बरंवाईट ठरवनार. तुमास्नी काय मागचं देऊ? गाळ देऊ? लेकीला डबा भरला त्यो पिपातनं भरला, माज्या घरचाच मानूस म्हनून. तुमास्नी पयली धार."

पिशवीत तो डबा होता. लेक सांगलीतच दिली होती, इथून तिच्याकडं जायचं होतं. लालासाहेबांनी नुसती मान हलवली. त्यांना अजून काही उलगडलं नव्हतं. अंकितानं मध्येच विचारलं, "मावशी, घाणा धुता का रोज?"

"लाकडाचा घाना धुत्यात व्हय गं? भिजला की फुगंल. आनि धुवायला त्यो रिकामा करावा लागंल. माजा घाना एक रात उपाशी न्हाई ऱ्हायला अजून."

"उपाशी म्हंजे?" लालासाहेबांनी विचारलं.

"म्हंजे रिकामा. जातं, घाना, चूल, ही कवा रिकामी झोपवू नये. सासू सांगून गेली. सांजच्याला शेवटचा घाना आमचा करडीचा असतुया, घरच्याला आन शेजाऱ्यास्नी. त्यो काडला की चार मुटी करडी उखळात तशीच ठेवायची. घान्याचा घास म्हनत्यात त्याला. सकाळी त्याच्यावर शेंगदानं."

अंकिता आणि लालासाहेब एकमेकांकडं पाहत राहिले.

लाकडी घाण्यात खाली उखळ असतं आणि त्यात लाट नावाचं जाड लाकूड फिरतं. उखळाच्या तळाशी रात्रभर मुरलेली करडई, वर ताजे शेंगदाणे. सगळ्यात आधी तेल सुटणार ते तळाकडचं. पहिली धार म्हणजे शेंगदाण्यात मिसळलेली करडई. ती धार बनुबाई अंघोळ करून, मौन धरून, देवाला आणि प्रयोगशाळेला देत होती. आणि त्यानंतरचं चांगलं शुद्ध तेल पिंपात जात होतं, ज्यातलं ती लेकीला देत होती, कारण लेक घरचीच.

"मावशी," अंकिता म्हणाली, "ती चार मुठी करडई म्हणजेच भेसळ झाली की हो!"

"भेसळ?" बनुबाई ताठ बसली. "भेसळ चोरून करत्यात, बाळ. ह्यो घास हाय. चार बायकांच्या म्होरं ठेवते मी."

तास झाला. लालासाहेबांनी फ्लास्क स्वतः काढले. पोटॅशियम आयोडाइड, पाणी, मग ब्युरेटच्या मापनळीतून थेंब थेंब हायपो, म्हणजे उरलेलं आयोडीन मोजणारं द्रावण. तपकिरी रंग पिवळा झाला, पिवळा फिका झाला, स्टार्च टाकल्यावर गडद निळा झाला. निळा गेला तिथं त्यांनी तोटी बंद केली. दुसऱ्या फ्लास्कचंही तसंच. हिशेब अंकितानं केला. पुन्हा शंभराच्या वर.

"नापास?" बनुबाईनं विचारलं. आकडा तिला कळला नव्हता, चेहरे कळले होते.

"हा नमुना नापास," लालासाहेब म्हणाले. "बाई, तो लेकीचा डबा जरा द्याल का? तो वेगळा नमुना म्हणून नोंदवतो. पुन्हा तास थांबावं लागेल."

"त्यो नको. त्यो पिपातला हाय, मागचा. तेवड्यासाटी तुमच्या म्होरं ठेवायची लाज वाटती."

"लाज बाजूला ठेवा. आयोडीनला देव आणि घरचं माणूस यातला फरक कळत नाही."

तिनं डब्याचं झाकण पदरानं पुसलं. मग डबा सरकवला.

दुसऱ्या तासात बनुबाईनं पिशवीतली भाकरी काढली, अंकिताला चटणी दिली आणि खिडकीतून खालचे टायर मोजल्यासारखी बघत बसली. लालासाहेब आपल्या टेबलाशी होते. त्यांना मुजावर सर आठवत होते. खांद्यावर कोण बसलं होतं ते शेवटच्या जागेवरून ओळखायचं, असं सर म्हणत. आपण शेवटचा आकडा पाहिला आणि जे सगळे घालतात तेच बसवलं, सोयाबीन. करडई सुचलीही नाही. शेंगदाण्यात महागाची करडई मुद्दाम कोण घालतं? मुद्दाम कुणी घातलीच नव्हती.

डब्यातल्या तेलाचा अंक नव्वदच्या जरा वर आला. शेंगदाण्याला बसायला हवा तिथं, मधोमध.

लालासाहेबांनी दोन अहवाल केले. एक बाटलीचा, एक डब्याचा. दोन्हीवर 'नमुना मिळाला तसा तपासला' लिहिलं, सही केली आणि राजवर्धनला पाठवले. थोड्याच वेळात फोन वाजला. लालासाहेबांनी तो स्पीकरवर ठेवला.

"साहेब, एकाच घाण्याचे दोन अहवाल? खरा कुठला?"

"दोन्ही खरे."

"असं कसं?"

लालासाहेबांनी सगळं सांगितलं, घास, करडई, पहिली धार, पिंप. या खेपेला अंदाज काहीच नव्हता. राजवर्धन ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बरं, मला पटलं. मग तो नापासवाला काढून टाका. चांगला ठेवतो फायलीला. नाहीतर दोन्ही बघून उद्या कुणी मलाच विचारेल. तिसरा नापास आला तर कपाट रिकामं करतो म्हणालो होतो, तेही मग पाळायला नको."

अंकितानं आशेनं लालासाहेबांकडं पाहिलं. एक कागद फाडला की काम झालं असतं. लालासाहेब म्हणाले, "काढता येणार नाही. ते तेल आलं होतं, ते तपासलं, ते तसं होतं."

"मग माझ्या हातात काही राहत नाही, साहेब. बाईंना सांगा."

"बाई इथंच आहेत. तुम्हीच सांगा."

बनुबाई फोनजवळ आली आणि जरा मोठ्यानंच बोलली, लांब महाबळेश्वरपर्यंत पोचावं म्हणून. "राजूशेठ, त्यो कागद फाडू नगा. ती बिरोबाची धार हाय. त्यो फाडला म्हंजे मी चोरी केली असं हुईल. तुमी असं करा, तुमचा मानूस धाडा. त्याच्या हातानं पिपातनं तेल काढू द्या, मी लांब हुबी ऱ्हाते. ते नापास झालं तर कपाट तुमचं."

पलीकडं दुकानातला गलका ऐकू आला. कुणीतरी चिक्कीचा भाव विचारत होतं.

"बरं. माणूस पाठवतो," राजवर्धन म्हणाला. "पण हा शेवटचा."

फोन ठेवल्यावर लालासाहेबांनी बनुबाईला सुचवून पाहिलं. "करडईऐवजी रात्री शेंगदाण्याचाच घास ठेवलात तर पहिली धारही पास होईल."

"शेंगदान्याचा? घान्याला?" तिला ते फारच उधळं वाटलं. "आवं साहेब, शेंगदाना इकायचा, पाव्हन्याला द्यायचा. घाना काय पाव्हना हाय व्हय? त्यो घरचा. घरचं खातुया ते खाईल. आमी करडी खातो, त्यो बी करडी खाईल."

"मग पहिली धार आम्हाला देऊ नका."

"तेच इचार करतीया." ती पायऱ्या उतरता उतरता थांबली. "सगळी बिरोबाला देते. तुमास्नी त्याच्या मागनं. राग येनार न्हाई न्हवं?"

"नाही."

"देवाच्या मागं नंबर लागला म्हनून?"

"बाई, आयोडीनचा जोडीदारसुद्धा मागनंच येतो."

तिला ते काही कळलं नाही, पण ती हसली आणि लेकीकडं गेली, थोडा हलका झालेला डबा घेऊन.

राजवर्धनचा माणूस पुढच्या आठवड्यात आटपाडीला गेला. त्यानं पिंप ढवळून मधलं तेल काढलं, आपल्या हातानं बूच लावलं आणि बाटली कुपवाडला आणून दिली. लालासाहेबांनी ती अंकिताकडं दिली. त्यांनी मुद्दामच हात लावला नाही. अंक नव्वदच्या जरा वर, मागच्या डब्याच्या शेजारीच बसला. अहवाल गेला. कपाट राहिलं.

तेव्हापासून दर हंगामात बनुबाईकडून दोन बाटल्या येतात. एक नमुन्याची, तिच्यावर चिठ्ठी असते आणि फोनवर निरोप असतो, "देवाचं झालं, आता तुमचं." दुसरीवर काहीच नसतं. ती बिरोबाला देऊन उरलेली पहिली धार, आता नमुना म्हणून नव्हे, लालासाहेबांना माणूस म्हणून. गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नाही हाही लालासाहेबांचा एक दंडक होता, आणि परत पाठवली असती तर बाई पुन्हा जिन्यात येऊन बसली असती. त्यांनी ती घरी नेली नाही. विज्सच्या तपकिरी बाटलीशेजारी कपाटात ठेवली.

पुढच्या जूनमध्ये प्रयोगशाळेत एक नवी मुलगी लागली, प्रियदर्शनी. लालासाहेबांनी तिला हॅलोजनचा प्रश्न विचारला, ती "नेहमी" म्हणाली, चहा झाला. मग त्यांनी कपाटातली बिनचिठ्ठीची बाटली तिच्यापुढं ठेवली.

"हे शेंगदाणा तेल. ह्याचा अंक काढ."

तिनं दुपारपर्यंत तपास केला, दोनदा केला आणि कागद घेऊन आली. "सर, हे नापास आहे. ह्यात भेसळ आहे, बहुतेक सोयाबीन."

अंकिता पलीकडच्या टेबलावरून खोकली. लालासाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आकडा बरोबर आहे," ते म्हणाले. "आता खुर्ची घे आणि आधी सांग, घाणा रात्री रिकामा झोपतो का?"